रसायनशास्त्रासमोरची रिकामी चौकट

सहा फूट उंची, अंगावर मांस नावालाच आणि बारा महिने सर्दी. प्रयोगशाळेत थेंब थेंब द्रावण सोडायला आकडे कोरलेली एक उभी काचनळी असते, तिला ब्युरेट म्हणतात आणि तिच्या खालच्या टोकाला तोटी असते. पोरांना आणखी काय हवं? नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांचं नामकरण झालं. पुढच्या बावीस वर्षांत शाळेत तीन मुख्याध्यापक आले नि गेले, पण ब्युरेटकाका होते तिथेच राहिले.

बाटल्या धुवायच्या, द्रावणं करायची, चिठ्ठ्या चिकटवायच्या, टेबलं मांडायची, हे त्यांचं काम. स्वतः बारावीपाशी अडकले ते अडकलेच. पण बावीस वर्षं दाराआडून तेच तेच तास ऐकून माणूस काय कोरडा राहतो? नव्याने लागलेल्या शिक्षिका वर्गात जायच्या आधी हळूच त्यांच्याकडे येऊन विचारत, "काका, हे नक्की किती घालायचं?" काका सांगत आणि कुठे बोलत नसत.

आणखी एक काम ते करत. ते कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. बोर्डाच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे. ते एका ओळीत गुंतले की काका फडकं घेऊन बाकीच्या टेबलांवरून फिरायचे आणि पुसता पुसता पुटपुटायचे, "अठरा चार." म्हणजे नळीवरचा आकडा अठरा पूर्णांक चार यायला हवा. पोरं लिहून मोकळी व्हायची. हे करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, करू नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. शाळेचा निकाल चांगला लागायचा, पोरांचं भलं व्हायचं, आपल्या बापाचं काय जातंय?

त्या वर्षी दहावीच्या पोरांत त्यांची स्वतःची लेक उभी होती.

लेकीला घरात टिटवी म्हणत. लहानपणी तिचं तोंड म्हणून मिटायचं नाही, प्रश्नावर प्रश्न. आता पंधराची झाली होती आणि बोलणं कमी झालं होतं, पण नाव चिकटलं होतं. काकांनी तिच्या टेबलापाशी जरा जास्तच वेळ फडकं फिरवलं. "अठरा चार." टिटवीनं मान वर केली नाही. तिनं प्रयोग एकदा केला, दोनदा केला, पुन्हा नळी भरून तिसऱ्यांदा केला आणि कागदावर लिहिलं, सतरा पूर्णांक एक. परीक्षकांनी त्यावर लाल रेघ ओढली. बाकी सगळ्यांना वीसपैकी एकोणीस, अठरा. टिटवीला अकरा.

"मी सांगितलं ते का नाही लिहिलंस?" घरी जाताना काकांनी विचारलं.

"मला ते नळीवर दिसलंच नाही, बाबा." मग दप्तर खांद्यावर सावरत म्हणाली, "सगळ्यांचं बरोबर आलं. माझा हातच चालत नाही."

काकांना त्या वेळी उत्तर माहीत होतं. दुपारी सगळे गेल्यावर आवराआवर करताना, का कोण जाणे, त्यांनी उरलेल्या द्रावणानं तोच प्रयोग करून पाहिला होता. सतरा झाले, आणखी दोन थेंब पडले आणि चंचुपात्रातलं पाणी गुलाबी झालं ते गुलाबीच राहिलं. सतरा एक. मग सकाळची घाई डोळ्यांपुढे आली. वजनकाट्याशी असताना शिपाई हाक मारायला आला होता, हात हलला होता, कॉस्टिक सोडा जरा जास्त पडला होता. चालतंय म्हणून त्यांनी तसंच पाणी ओतलं होतं. द्रावण कडक झालं होतं, म्हणून कमी थेंबांतच रंग येत होता. त्या खोलीत त्या दिवशी खरा आकडा एकटीनंच लिहिला होता.

पण हे सांगायचं कुणाला? गुणपत्रक पाकिटात बंद झालेलं. द्रावण चुकलं म्हणावं, तर बाकी एकोणतीस पोरांना अठरा चार कुठून मिळाले, हा प्रश्न पुढे उभा. काकांनी तोंडाला कुलूप लावलं. उरलेलं द्रावण मात्र त्यांच्यानं ओतवेना. रबरी बूच घट्ट बसवून बाटली त्यांनी कपाटात मागे ढकलली, आणि वाटेत लेकीला म्हणाले, "होतं असं कधी कधी."

तीन महिने गेले. दहावीचा निकाल लागला, टिटवीला चांगले गुण पडले. काकांच्याच शाळेत अकरावी विज्ञानाला तिचं नाव पहिल्या यादीत आलं. सगळं सरळ चाललेलं असताना एका सोमवारी मेव्हणा हातात मिठाईचा पुडा घेऊन दारात उभा राहिला.

मेव्हणा डोंगरावरच्या शाळेची बस चालवायचा. वरच्या शाळेत आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम होता, दोन वर्षांचा, अकरावी-बारावीच्या जागी. दरवर्षी आसपासच्या एका मुलाला ते फी न घेता घेत. मेव्हण्यानंच अर्ज आणला होता, त्यानंच शब्द टाकला होता. टिटवी एक दिवस वर जाऊन चाचणी देऊन आली होती. एक्केचाळीस मुलांतून तिची निवड झाली होती.

"ताई, पोरीनं नाव काढलं!" मेव्हणा चप्पल काढायच्या आधीच ओरडला. "भावोजी, आता मागे बघू नका. शुक्रवारी चारच्या आत सहीचा अर्ज आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला वर पोचला पाहिजे. मी स्वतः बस घेऊन येतो."

टिटवीची आई दवाखान्यात केसपेपर लिहायची. कागद दिसला की आधी वाचणारी बाई. तिनं पत्र दोनदा वाचलं आणि डोळे पुसले. टिटवी चाचणीच्या दिवसाबद्दल बोलायला लागली तेव्हा कितीतरी दिवसांनी तिचं जुनं तोंड सुटलं. "बाबा, त्यांनी मला उत्तर विचारलंच नाही. चार कुंड्या दिल्या नि म्हणाले, तुला काय शोधायचंय ते शोध. चुकलं तर का चुकलं ते लिही, त्यालाही गुण आहेत."

चुकलं तर का चुकलं ते लिही. काकांनी नाक पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मनात म्हणाले, जाऊ दे हिला वर. आपल्यापासून लांबच जाऊ दे.

अर्जात विषय निवडायचे होते. सहा गट, प्रत्येकासमोर चौकटी. विज्ञानाचे दोनच विषय घ्यायची मुभा होती. टिटवीनं जीवशास्त्रावर खूण केली होती, भौतिकशास्त्रावर केली होती. रसायनशास्त्रासमोरची चौकट रिकामी.

"केमिस्ट्री राहिली बघ," काका म्हणाले.

"राहिली नाही बाबा, सोडली." तिनं पेनाचं टोपण लावलं. "माझा हात चालत नाही त्यात. तुम्ही पाहिलंय की."

ही पोर सहावीत असताना कोपऱ्यावरच्या दूधवाल्याची गाय अडली होती. त्या दिवशी शाळा बुडवून हिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना टॉर्च धरला होता. वासरू बाहेर आलं तेव्हापासून दुसरं काही बोललीच नव्हती. "मग जनावरांची डॉक्टर व्हायचं ते?"

"होता येईल की. मामा म्हणाला, तिथून सगळीकडे जाता येतं."

"मामानं कुणाला विचारलं?"

टिटवीनं अर्ज घडी करून दप्तरात टाकला.

मंगळवारी अर्ध्या रजेवर काका डोंगर चढून गेले. वरच्या शाळेच्या प्रवेश पाहणाऱ्या बाई सरळ माणूस निघाल्या. त्यांनी आधी काकांना प्रयोगशाळा दाखवली. तिथे एक मुलगा चुकलेल्या प्रयोगाचा आलेख काढत बसला होता आणि त्याच्या मागून फडकं घेऊन कुणी फिरत नव्हतं. काका बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"तिन्ही विज्ञानं घेता येतात का?" त्यांनी विचारलं.

"खास परवानगी मागावी लागते. उत्तर यायला महिना लागतो आणि मिळेलच असं मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या मुलीला नक्की काय व्हायचंय?"

"ते मला वाटतं तेच आहे की नाही, आता मला सांगता येत नाही."

बुधवारी काकांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेनं त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. "काका, तुमच्या मुलीची जागा मी शुक्रवारी चारपर्यंत ठेवते. पाचला प्रतीक्षा यादी लावायची आहे, छप्पन्न पोरं दारात उभी आहेत. दाखला नेलात की जागा गेली. मग परत आलात तरी माझ्या हातात काही नाही. आणि खरं सांगू? आपल्याच माणसानं पोरगी वर पाठवली तर लोक काय म्हणतील?"

"विचार करतो, बाई."

"करा. पण वेळेत करा."

गुरुवारी त्यांनी आणखी अर्धी रजा टाकली आणि दोन बस बदलून पशुवैद्यकीय महाविद्यालयाची प्रवेशाची खिडकी गाठली. रांगेत पंधरा माणसं. पंख्याखाली बसलेल्या कारकुनानं प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

"तिन्ही विषय. भौतिक, रसायन, जीव. एक जरी कमी असला तरी अर्ज आतच घेत नाही."

"आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमातून आलेल्यांचं?"

"त्यांनाही तेच. वर त्यांचे निकाल उशिरा, समकक्षतेचा दाखला वेगळा." मग काकांच्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज जरा खाली आला. "गेल्या वर्षी दोघं आले होते. हुशार पोरं हो. ह्याच खिडकीशी रडून गेली. आधी विचारत नाही कुणी. तुम्ही विचारलंत, बरं केलंत. पुढचे!"

संध्याकाळी घरात रण माजलं. काकांनी खिडकीवरची हकीकत सांगितली तसा मेव्हणा उसळला. "भावोजी, सोन्यासारखी संधी दारात आलीय आणि तुम्ही एका कारकुनाचं ऐकून तिला हाकलताय? माझ्या शब्दाची काही किंमत? उद्या वर मी तोंड काय दाखवू?"

"तुझ्या तोंडासाठी पोरीचे विषय ठरवायचे का?" टिटवीची आई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, तुम्ही! एवढी पायपीट केलीत, पण तुमचं म्हणणं काय ते सांगाल की नाही? पाठवायचं की नाही?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. पाठवावं तर ही रसायनशास्त्र कायमचं सोडणार, तेही एका खोटेपणापायी. ठेवावं तर दोन वर्षांनी पुन्हा तीच खोली, तेच फडकं. टिटवी मधेच उठून आतल्या खोलीत गेली आणि जाता जाता म्हणाली, "मी वर जाते. विषय बदलणार नाही. जे जमत नाही ते कशाला घ्यायचं?"

शुक्रवारी दुपारी दोन वाजता काकांनी टिटवीला प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. टेबलावर नळी भरलेली, शेजारी चंचुपात्र, मोजून घेतलेलं आम्ल. बाटलीवर चिठ्ठी नव्हती.

"एकदा कर," ते म्हणाले.

"आत्ता? बाबा, आई फाटकाशी उभी आहे. दाखला घ्यायचाय."

"एकदाच."

ती चिडलेलीच होती. पण नळीशी उभी राहिली तसा तिचा हात आपोआप सावकाश झाला. तोटी अर्धी, मग पाव, मग थेंब थेंब. सतरा ओलांडल्यावर रंग आला आणि टिकला. तिनं वाकून, डोळा आकड्याच्या रेषेत आणून वाचलं. "सतरा दोन." पुन्हा केलं. पुन्हा सतरा दोन.

"परीक्षेच्या दिवशी सतरा एक होतं. बंद बाटलीत तीन महिने पडलंय, एवढा फरक पडायचाच," काका म्हणाले. "हे तेच द्रावण आहे, बाळा. मी कडक केलं होतं. घाईत. तू बरोबर होतीस. बाकी सगळ्यांनी माझा आकडा लिहिला."

टिटवीनं बाटलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दुपारी."

"वाटेत मी म्हटलं, माझा हात चालत नाही. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि तुम्ही म्हणालात, होतं असं कधी कधी."

काकांनी मान डोलावली. सर्दी म्हणून नव्हे, पण नाकाडोळ्यांतून पाणी आलं. टिटवीनं तोटी बंद केली, हात धुतले आणि निघून गेली. भिंतीवरच्या घड्याळात दोन चाळीस झाले होते.

तीन वाजता आई प्रयोगशाळेच्या दारात आली. "कुठंय ती?" काकांनी सगळं सांगितलं. बायको एवढंच म्हणाली, "आधी तिला शोधू."

जिन्यात नाही, ग्रंथालयात नाही, मैदानावर नाही. फाटकाबाहेर बस इंजिन चालू ठेवून उभी होती आणि मेव्हणा दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. सव्वातीन. साडेतीन. मुख्याध्यापिकेनं शिपायाकरवी विचारणा केली, दाखला लिहायचा की नाही? पोरीनं जिवाचं काही बरंवाईट तर, हा विचार मनात आला आणि त्यांनी तो पुरा होऊ दिला नाही. पाण्याच्या टाकीमागे जाऊन आले. स्वच्छतागृहाशी बायकोला पाठवलं.

पावणेचारला टिटवी स्वतःच कार्यालयाच्या दिशेनं चालत येताना दिसली. इतका वेळ ती जीवशास्त्राच्या रिकाम्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली होती, आणि तो वर्ग सोडून सगळी शाळा धुंडाळून झाली होती. डोळे सुजलेले होते, पण चाल सरळ.

ती केबिनमध्ये गेली. मागोमाग दोघं.

"बाई, माझी जागा ठेवा. तिन्ही विषय घेणार आहे."

"नक्की? आई-वडील?" मुख्याध्यापिकेनं चष्म्यावरून बघितलं.

"तिचं म्हणणं तेच आमचं," आई म्हणाली.

टिटवी फाटकापर्यंत गेली आणि वरचा अर्ज तिनं मामाच्या हातात तसाच, बिनसहीचा ठेवला. "मामा, तिथलं मला आवडलं होतं. खरंच आवडलं होतं. पण मला तिन्ही हवेत." मेव्हण्यानं दार आपटून बस गिअरमध्ये टाकली आणि गेला. पुढचं सबंध वर्ष तो त्यांच्या घराची पायरी चढला नाही.

परत येताना टिटवी काकांसमोर थांबली. "मी केमिस्ट्री घेतलीय, पण तुम्ही कुणालाच आकडा सांगायचा नाही. मला नाही, कुणालाच नाही. आणि काय झालं ते बाईंना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

त्याच संध्याकाळी, यादी लागून गर्दी ओसरल्यावर, काकांनी सांगितलं. उभ्यानं, एका दमात. मुख्याध्यापिका उठल्या, दार लावलं, पुन्हा येऊन बसल्या. "काका, हे तुम्ही बोलला नाहीत आणि मी ऐकलं नाही. जा घरी."

"पण पुढच्या वर्षापासून मी फडकं घेऊन फिरणार नाही, बाई."

"जा म्हटलं ना."

पुढच्या मार्चमध्ये ते खरोखर फिरले नाहीत. पोरं मान वळवून वळवून बघत होती आणि काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. हात मागे घट्ट बांधलेले, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. प्रात्यक्षिकाचे गुण खाली आले. पालक भांडायला आले. द्रावणच खराब होतं, असंही कुणी बोललं आणि तेवढं ऐकून काकांच्या अंगावर काटा आला, कारण यंदा त्यांनी प्रत्येक बाटली तीनदा तपासली होती. मुख्याध्यापिकेनं त्यांना पुस्तकांच्या कोठीवर बसवलं. सहा महिने त्यांनी तिथे पुठ्ठे चिकटवले. मग नवा माणूस दोनदा हात भाजून घेऊन नोकरी सोडून गेला, तेव्हा त्यांना परत बोलावलं. शिक्षिका पहिल्या सत्रापासूनच मुलांकडून प्रयोग करून घ्यायला लागल्या होत्या. दुसरा इलाजच उरला नव्हता.

टिटवी दीड महिना बापाशी कामापुरतंच बोलली. मग एके दिवशी जेवताना तिनं विचारलं, "बाबा, शेवटच्या थेंबाला तोटी कशी धरायची? माझ्याकडून दोन थेंब पडतात." काका ताटावरून उठले आणि पाण्याच्या बाटलीवर बोटांची पकड दाखवत बसले. बायको म्हणाली, "आधी गिळा तरी!"

सगळं काही सुरळीत झालं असं नाही. बारावीनंतर पशुवैद्यकीयच्या यादीत तिचं नाव चार जागांनी हुकलं. मेव्हण्याला कळलंच. "वर गेली असती तर आज विमानात असती," तो कुणाकडे तरी म्हणाला आणि ते फिरून घरी पोचलं. ते वर्ष टिटवीनं दूधवाल्याच्या गोठ्यात आणि डॉक्टरीणबाईंच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर काढलं, आणि दुसऱ्या वेळी ती आत गेली. वरच्या शाळेतली तिची जागा एका नळदुरुस्तीवाल्याच्या मुलीला मिळाली होती. तीही शिकली, लांब गेली, चांगलं चाललंय म्हणतात. काकांना कुणी विचारलं की कोणती शाळा बरी, तर ते म्हणतात, "मला विचारू नका. खिडकीवर जाऊन विचारा, आणि पोरांपासून काही लपवू नका. एवढंच मला कळतं."

टिटवी आता तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत येते तेव्हा तिचे गमबूट काका नळाखाली घासतात. त्या दुपारबद्दल ती कधी बोललेली नाही, आणि माफ केलंस का, असं विचारायचा धीर त्यांनाही झालेला नाही.